पान लागलेल्या माणसासाठी कौल लावू नका : कोकणातील मानकरी, गुरव आणि ग्रामसभांना खुले पत्र

प्रति,
कोकणातील गावोगावचे मानकरी, गुरव, सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामसभेचे सर्व सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

मी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि ग्रामीण रुग्णालयांत 31 वर्षे परिचारिका म्हणून काम केले आणि आता सेवानिवृत्त होऊन आमच्या मूळ गावी राहते. वाडीतली माणसे रात्री-अपरात्री ज्यांच्या शब्दावर निर्णय घेतात त्या आपणा सर्वांना मी हे पत्र एकाच विषयासाठी लिहीत आहे. पान लागलेल्या, म्हणजे साप चावलेल्या, माणसाला दवाखान्यात न्यावे की नाही हे ठरवण्यासाठी देवाला कौल लावण्याची, आणि तो मिळेपर्यंत थांबण्याची, जी रीत आपल्या काही गावांत अजून चालू आहे, ती आपण स्वतः होऊन बंद करावी, अशी माझी विनंती आहे.

मी देव न मानणारी बाई नाही, हे सुरुवातीलाच सांगते. शिमग्याला पालखी दारात येते तेव्हा मी ओटी भरते, आणि घरातले वडीलधारे गाऱ्हाणे घालतात तेव्हा हात जोडून त्यांच्या मागे उभी राहते. लहानपणी आम्हाला रात्रीच्या वेळी ‘साप’ हा शब्द उच्चारू दिला जात नसे. जनावर म्हणायचे, किरडू म्हणायचे, आणि कोणाला चावले तर ‘पान लागले’ एवढेच म्हणायचे. या भाषेत भीती आहे तसा आदरही आहे, आणि तो आदर मला आजही चुकीचा वाटत नाही. ज्या मुलुखात भाताच्या खाचरात, काजूच्या पाल्यात, जांभ्याच्या गडग्यात आणि मांगरातल्या लाकडांच्या राशीत माणूस आणि साप रोज एकमेकांच्या वाटेत येतात, तिथे अशी भाषा तयार होणारच. माझा वाद या श्रद्धेशी नाही; पान लागल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन तासांत आपण काय करतो, तेवढ्यापुरताच तो आहे.

ऑगस्ट 1996 मधली एक सकाळ मी विसरू शकलेले नाही. साडेआठच्या सुमारास एका टेम्पोतून दहा वर्षांच्या मुलाला आमच्या रुग्णालयात आणले. तो रात्री पडवीत आजीजवळ जमिनीवर झोपला होता. दोनच्या सुमारास पोटात दुखते म्हणून उठला, तेव्हा आजीने ओवा दिला आणि पोट चोळले. तीन वाजता तो म्हणाला की घशाखाली पाणी उतरत नाही. आजीने गोधडी झटकली, तेव्हा खालून काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेली मण्यार निघाली. त्या क्षणी घरातल्या प्रत्येकाला काय झाले ते समजले होते. टेम्पो दारात उभा होता, चालवणारा काका घरात होता आणि रुग्णालय चौदा किलोमीटरवर होते. पण आधी गुरवाला उठवले गेले. आंघोळ करून तो देवळात गेला, देवीच्या अंगावर कौलाचे कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या, लावले, मानकऱ्यांनी गाऱ्हाणे घातले आणि सगळे वाट पाहत बसले. पहिला कौल डावा, म्हणजे नकाराचा, आला. पुन्हा लावला, तोही डावा आला. तिसरा उजवा, होकाराचा, पडेपर्यंत पुरते उजाडले होते.

मुलगा आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या पापण्या उघडत नव्हत्या, मान धरत नव्हती आणि श्वास वरच्या वर चालला होता. बघणाऱ्याला तो बेशुद्ध वाटला असता. मी त्याच्या कानाशी वाकून म्हटले, ‘बाळा, ऐकू येत असेल तर बोट हलव,’ आणि त्याने उजव्या हाताचे बोट हलवले. मण्यारीचे विष असेच असते. माणसाला सगळे ऐकू येत असते, कळत असते, फक्त स्नायू त्याचे ऐकेनासे होतात, आणि शेवटी श्वासाचे स्नायूही थांबतात. आमच्याकडे तेव्हा कृत्रिम श्वासाचे यंत्र नव्हते. प्रतिसर्पविष सुरू केले, हाताने दाबायच्या पिशवीने श्वास देत जिल्हा रुग्णालयाच्या वाटेला लागलो, आणि मी, वॉर्डबॉय व त्याचा काका आळीपाळीने ती पिशवी दाबत राहिलो. अर्ध्या वाटेवर त्याचे हृदय थांबले. परत येताना त्याच्या आईने मला एकच प्रश्न विचारला : देवीने दोनदा डावा कौल का दिला? मी त्या दिवशी काही बोलले नाही. आज त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मी हे पत्र लिहीत आहे.

माझे उत्तर असे आहे की तो प्रश्न देवीला विचारायचाच नव्हता. पाकळी किंवा कळा ओल्या पाषाणावर किती वेळ चिकटून राहील आणि कोणत्या बाजूने सुटेल, हे पाण्याचा ओलावा, फुलाचे वजन आणि दगडाचा उतार यांवर ठरते. त्या मुलाच्या मज्जातंतूंच्या टोकांवर काय चालले आहे, याच्याशी त्या कळ्याचा काही संबंध नसतो. जत्रेचा दिवस ठरवायला, मानपानाचा तंटा मिटवायला, गावाने एका निर्णयाखाली यावे म्हणून कौल लावला जातो, आणि तिथे त्याचा उपयोग मी समजू शकते. सगळ्यांनी मान्य केलेला पंच म्हणून तो काम करतो. पण विष कोणाला पंच मानत नाही. मण्यारीचे विष मज्जातंतूच्या टोकांना एकदा इजा करून गेले की नंतर कितीही औषध दिले तरी ती टोके लगेच दुरुस्त होत नाहीत. औषधाने रक्तात फिरणारे विषच तेवढे निकामी होते. म्हणून पहाटे तीन वाजता दिलेले इंजेक्शन आणि सकाळी नऊ वाजता दिलेले तेच इंजेक्शन, यांत जीव आणि मरण यांच्याएवढे अंतर पडू शकते.

आपल्यापैकी अनेक जण म्हणतील की आमच्या वाडीतल्या जाणत्याने शेकडो लोकांचे विष उतरवले आहे आणि आम्ही ते डोळ्यांनी पाहिले आहे. आपण पाहिले आहे, हे मला मान्य आहे. आपल्या भागात माणसाला चावणारे बहुतेक साप बिनविषारी असतात : धामण, दिवड, कवड्या, तस्कर. कवड्या तर दिसायला मण्यारीसारखा असल्याने रात्रीच्या अंधारात भल्याभल्यांची फसगत होते. जे विषारी साप माणसाच्या जिवावर उठतात ते आपल्याकडे मुख्यतः चार आहेत : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. त्यांतलाही प्रत्येक दंश विष सोडतोच असे नाही. साप कधी नुसते दात लावतो आणि विष राखून ठेवतो, त्याला आम्ही कोरडा दंश म्हणतो. म्हणजे दंश झालेल्यांपैकी मोठा हिस्सा असा असतो की त्याला काहीही केले नाही तरी तो बरा होणार असतो. मंत्र घातला तरी बरा होतो, झाडपाला लावला तरी होतो, मारुतीच्या देवळात नेऊन निजवला तरी होतो. ही बरी झालेली माणसे गावात हिंडताना दिसतात आणि जाणत्याची कीर्ती सांगतात. जी वाचत नाहीत त्यांच्याबद्दल ‘वेळ भरली होती’ असे म्हटले जाते. जाणत्याचे यश त्याच्या नावावर आणि अपयश नशिबाच्या नावावर, असा हा हिशेब आहे, आणि अशा हिशेबात कोणतीही विद्या खोटी ठरू शकत नाही.

फुरशाच्या बाबतीत ही फसगत अधिक खोल आहे, आणि फुरसे हे तर आपल्या कोकणच्या सड्यांवरचे, कातळाच्या पठारांवरचे, जनावर. वीतभर-हातभर लांबीचे, दगडाखाली दडणारे, खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करणारे. त्याचे विष घाई करत नाही. चावल्यावर पाय सुजतो, दुखतो, पण माणूस बोलतो, जेवतो, आणि झाडपाल्याचे औषध घेऊन घरी पडून राहतो. आत मात्र रक्ताची गोठण्याची शक्ती हळूहळू संपत जाते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त येते, लघवी लाल होते, आणि एखाद्याला मेंदूत रक्तस्राव होतो. तोवर ‘फुरशाचे विष कालच उतरले’ असे सगळ्या वाडीने मान्य केलेले असते. हे ओळखायला फार मोठी यंत्रणाही लागत नाही. रुग्णाचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचे, 20 मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी कलती करायची. रक्त गोठले नसेल आणि पाण्यासारखे वाहिले, तर घोणस किंवा फुरशाचे विष रक्तात आहे असे समजून औषध सुरू करायचे. कोणत्याही आरोग्य केंद्रात ही तपासणी होऊ शकते. मी ती शेकडो वेळा केली आहे, आणि दोन दिवस ‘बरा’ असलेल्या माणसाचे रक्त नळीत वाहताना पाहून त्याच्या नातेवाइकांचे चेहरे कसे उतरतात, तेही पाहिले आहे.

आता मी अशा एका समजुतीविषयी लिहिते जी मला सर्वांत जास्त त्रास देते. आपल्याकडे साप हे राखणदाराचे, म्हणजे गाव राखणाऱ्या दैवताचे, जनावर मानले जाते. म्हणून पान लागले की घरात पहिला प्रश्न उठतो तो ‘कोणता साप होता’ हा नसून ‘काय चुकले’ हा असतो. राखण द्यायची राहिली का, वारुळाजवळ कोणी काही केले का, नवस फेडायचा राहिला का, घरात कोणी विटाळ पाळला नाही का. हे शेवटचे बोट नेहमी बाईकडेच जाते. दंश झालेल्या माणसाच्या जवळ विटाळशीने जाऊ नये, तिची सावली पडली तर विष चढते, असे सांगून मी एका बायकोला नवऱ्याच्या खाटेपासून लांब उभे केलेले पाहिले आहे, आणि एकदा तर मलाच दारात अडवून ‘तुम्ही शिवायचे दिवस नाहीत ना’ असे विचारले गेले होते, माझ्या हातात सलाईनची बाटली असताना. पुढे त्या घरातला माणूस दगावला, तर ती बाई जन्मभर ते ओझे वाहते. तिला सांगायला कोणी नसते की सापाला उंदराचा वास येतो, पावलांची थरथर जाणवते, पण कोणत्या घराने कोणता मान चुकवला हे त्याला कळत नाही. भाताच्या कणग्यापाशी उंदीर होते म्हणून मण्यार घरात आली आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाची कूस तिच्या वाटेत आली, एवढेच खरे कारण असते. राखणदार गावाचे रक्षण करतो असे ज्यांचे मानणे आहे, त्यांनी तो दहा वर्षांच्या झोपलेल्या मुलाला शिक्षा करील असेही मानावे, ही गोष्ट मला श्रद्धेच्या दृष्टीनेही पटत नाही.

बाकीच्या उपायांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण ते बहुतेक सर्वांना ठाऊक आहेत. कडुनिंबाचा पाला चावायला देऊन तो कडू लागतो का हे पाहण्याने विषाची काहीही परीक्षा होत नाही. विषबाधा झालेल्याही माणसाला पाला कडूच लागतो, आणि मण्यारीच्या रुग्णाच्या घशात तो अडकू शकतो. दंशाच्या वर करकचून दोरी बांधल्याने विष थांबत नाही, पाय मात्र काळा पडतो. बांधलेली दोरी दवाखान्यात एकदम सोडल्यावर रुग्ण अचानक खालावलेलाही मी पाहिला आहे. ब्लेडने चीर देणे हे फुरशाच्या रुग्णाच्या बाबतीत तर रक्तस्रावाला स्वतःच्या हाताने वाट करून देणे आहे. जखमेवर कोंबड्या लावण्याची रीत मी दोन-तीनदा पाहिली; एकामागून एक कोंबडी मरते ती माणसांनी तिला ज्या प्रकारे धरलेले असते त्याने, आणि ती विष ओढते म्हणून मेली अशी सगळ्यांची खात्री होते. रुग्णाला धीर देणे, चालायला न लावणे, चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा काठीला बांधून स्थिर ठेवणे, बांगड्या, अंगठ्या, जोडवी सूज येण्याआधी काढणे, दंशाची वेळ ध्यानात ठेवणे आणि गाडीत घालणे, एवढेच घरी करण्यासारखे आहे. साप मारून किंवा पकडून आणायची गरज नसते. चारही सापांच्या विषावर आपल्याकडे एकच औषध दिले जाते.

सगळ्याच समजुती सारख्याच घातक आहेत असे मी म्हणत नाही. दाराला लिंबू-मिरची बांधली म्हणून कोणी मरत नाही, मांजर आडवे गेले म्हणून दोन पावले थांबलेल्या माणसाचे फार काही बिघडत नाही, आणि या गोष्टींवर भांडत बसण्याइतके आयुष्य मोठे नाही. नागपंचमीला नांगर धरू नये, जमीन खणू नये, काही चिरू-कापू नये, ही रीत तर मला सुंदर वाटते. पावसाने बिळे भरल्यावर साप बाहेर पडलेले असतात त्या दिवसांत शेतकऱ्याने एक दिवस जमिनीला धक्का लावू नये, यात माया आहे आणि उंदरांपासून धान्य राखणाऱ्या प्राण्याविषयीची कृतज्ञताही आहे. पण त्याच सणाला उपाशी आणि तहानलेल्या नागापुढे दुधाची वाटी धरण्यात मात्र माया नाही. साप सस्तन प्राणी नाही, दूध हे त्याचे अन्न नाही. तहानेने व्याकूळ झालेला साप समोर येईल ते द्रव पितो आणि पुढे त्याच दुधाने मरूही शकतो. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीला जिवंत नागांची मिरवणूक काढण्यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने निर्बंध आले, तेव्हा तिथल्या लोकांना वाईट वाटले, ते मी समजू शकते. पण नागाच्या बाजूने विचार केला तर तो निर्णय योग्यच होता. साप डूख धरतो ही समजूतही अशीच. ज्याला माणसांचे चेहरे वेगळे ओळखता येत नाहीत तो वर्षभर एकाचाच सूड कसा लक्षात ठेवील? आणि धामण गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते, या एका कथेपायी आपण आपल्या शेतातला सर्वांत उपयोगी उंदीरखाऊ साप काठीने ठेचतो.

माणसे बदलत नाहीत, असे मला कोणी सांगितले तर मी विंचवाची आठवण देते. माझ्या लहानपणी जवळजवळ प्रत्येक वाडीत विंचू उतरवणारा असे, आणि कोकणातल्या लाल विंचवाने चावलेली लहान मुले घामाने भिजून, फेस येऊन, धाप लागून जात. उतरवणाऱ्याकडेही जात आणि दवाखान्यातही जात, कारण दवाखान्याकडेही तेव्हा नेमका इलाज नव्हता. महाडच्या परिसरात काम करणाऱ्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी वर्षानुवर्षे या रुग्णांच्या उशाशी बसून, विषाने हृदयावर काय परिणाम होतो ते टिपले आणि रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध विंचूदंशावर वापरून दाखवले. मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. त्यानंतर माझ्या डोळ्यांदेखत, कोणी कोणाशी न भांडता, विंचू उतरवणाऱ्याच्या अंगणातली गर्दी ओसरली. लोकांना मूल वाचवायचे होते आणि ते कुठे वाचते हे त्यांनी पाहिले. सापाच्या बाबतीत हे पूर्णपणे का झाले नाही, याचा विचार आपण सर्वांनी, माझ्या खात्यासकट, करायला हवा.

कारण दोष एकट्या गुरवाचा नाही. रात्री तीन वाजता गुरव घरी असतो. आरोग्य केंद्रातला डॉक्टर असेलच याची खात्री गावाला नसते. देवळाची वाट पाच मिनिटांची असते आणि रुग्णालयाची वाट पावसात दरड कोसळल्याने बंद असू शकते. औषध संपले आहे, पुढे न्या, असे सांगून परत पाठवलेले रुग्ण मी पाहिले आहेत, आणि असे सांगण्याची वेळ माझ्यावरही आली आहे. असे एकदा घडले की त्या वाडीतून पुढचे पाच रुग्ण सरळ जाणत्याकडे जातात. भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58,000, असा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला गेला. त्याआधीच्या एका देशव्यापी पाहणीत असे दिसले होते की सर्पदंशाच्या मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश मृत्यू रुग्णालयाच्या बाहेर झाले. ही माणसे औषध लागू न पडल्याने मेली नाहीत. त्यांची आणि औषधाची भेटच झाली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित आजारांत केला, आणि 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्यासाठी केंद्र सरकारने 2024 मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. आराखडे दिल्लीत होतात, पण गाडी आधी देवळाकडे वळणार की दवाखान्याकडे, हे आपल्या वाडीत ठरते.

त्या औषधामागे किती माणसांचे हात आहेत, हेही आपल्याला ठाऊक असावे असे मला वाटते. तमिळनाडूतील इरुला आदिवासींची एक सहकारी संस्था साप पकडते, त्यांचे विष काढते आणि सापांना पुन्हा रानात सोडते. ते विष अगदी थोड्या मात्रेत घोड्यांना टोचले जाते, घोड्याचे शरीर त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते, आणि त्यांच्या रक्तद्रवापासून हे औषध बनते. आपल्या मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेने हे काम दशकानुदशके केले आहे. पिढ्यान्‌पिढ्या साप ओळखणाऱ्या लोकांचे ज्ञान यात वाया गेलेले नाही, तेच ज्ञान औषधापर्यंत पोहोचले आहे. आपल्याकडच्या जाणत्यांनाही साप ओळखता येतो, माणसाला धीर देता येतो, रात्री चार माणसे गोळा करता येतात. हे गुण टाकून देण्यासारखे नाहीत.

मला असा एक गुरव भेटला होता. वयस्कर, अबोल माणूस. त्याच्या गावातून पान लागलेला रुग्ण आला की तो स्वतः सोबत गाडीत असे. मी एकदा त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला की लोक माझ्या दारात येतात, त्यांना परत पाठवता येत नाही, म्हणून मी त्यांना सांगतो की गाऱ्हाणे मी गाडीत घालतो, तुम्ही आधी गाडी काढा. रुग्णाचा हात धरून तो वाटभर काहीतरी पुटपुटत असे, आणि आमच्या दारात आल्यावर हात सोडून बाजूला होत असे. रुग्ण शांत असायचा, दोऱ्या बांधलेल्या नसायच्या, वेळ नेमकी सांगितलेली असायची. मी तिथे होते त्या चार वर्षांत त्याच्या गावातून आलेला एकही रुग्ण आमच्या हातून गेला नाही. त्या गावात कोणाची श्रद्धा मोडली नाही आणि गुरवाचा मानही कमी झाला नाही; उलट, त्याचा शब्द अधिक चालू लागला.

कायद्याचाही उल्लेख करणे मला भाग आहे, पण धमकी म्हणून नव्हे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली आणि ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झटत होते तो त्याच वर्षी झाला. नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांना प्रतिबंध करणाऱ्या या कायद्याच्या अनुसूचीत कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या व्यक्तीला वैद्यकीय उपचारांपासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे असे उपचार करणे स्पष्टपणे गुन्हा ठरवले आहे, आणि त्यासाठी 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. या कायद्याने देवळात जायला, गाऱ्हाणे घालायला किंवा पूजा करायला मनाई केलेली नाही. रोखण्याला मनाई केली आहे. ‘उजवा कौल पडेपर्यंत नेऊ नका’ हे वाक्य रोखणेच आहे, हे मानकऱ्यांनी समजून घ्यावे. आणखी एक व्यवहाराची गोष्ट : शेतकरी सर्पदंशाने दगावला तर त्याच्या कुटुंबाला गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शासकीय योजनेतून 2 लाख रुपयांचे साहाय्य मिळू शकते, पण त्यासाठी मृत्यूचे कारण सांगणारे कागद लागतात. देवळाच्या सभामंडपात प्राण सोडलेल्या माणसाचा केसपेपर कुठेच नसतो, आणि त्याची बायको कचेरीच्या पायऱ्या झिजवत राहते.

म्हणून येत्या 1 मे च्या ग्रामसभेत, पाऊस सुरू होण्याआधी, आपण एक ठराव घ्यावा, अशी माझी मागणी आहे. पान लागलेल्या कोणत्याही व्यक्तीसाठी आमच्या गावात कौल लावला जाणार नाही, उतारा किंवा मंत्र यांसाठी तिला थांबवले जाणार नाही, आणि साप विषारी होता की बिनविषारी याचा निर्णय फक्त दवाखान्यात होईल, एवढेच त्यात असावे. हा ठराव सरपंचांनी मांडावा, पण त्याला अनुमोदन गुरवाने किंवा प्रमुख मानकऱ्याने द्यावे. माणसे कोणाचे ऐकतात हे आपण सर्व जण जाणतो. ज्यांना देवाला विचारल्याशिवाय असा बदल करणे जड वाटते, त्यांनी हवे तर ठरावाच्या दिवशी, सर्वांच्या वतीने, एकदाच गाऱ्हाणे घालावे की यापुढे या कामासाठी तुला कष्ट देणार नाही. वाडीतील गाडीमालकांचे नंबर आणि 108 हा रुग्णवाहिकेचा क्रमांक देवळाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्यावा, कारण रात्री माणसे पहिल्यांदा तिथेच येतात. आणि दर महिन्याला ग्रामपंचायतीने आपल्या आरोग्य केंद्राला लेखी विचारावे की प्रतिसर्पविषाच्या किती बाटल्या शिल्लक आहेत. सुरुवातीलाच साधारण 10 बाटल्या एका रुग्णाला लागतात, त्यामुळे दोन-चार बाटल्या आहेत हे उत्तर पुरेसे समजू नये. जमिनीवर झोपणाऱ्यांसाठी खाट आणि चारही बाजूंनी गादीखाली खोचलेली मच्छरदाणी, रात्री अंगणात जाताना बॅटरी, आणि घराच्या भिंतीला लागून असलेली लाकडे-गवत दूर हलवणे, या गोष्टी महिला बचत गटांनी मनावर घेतल्या तर एका पावसाळ्यात होतील.

ज्या ग्रामसभेला या विषयावर कोणाचे बोलणे ऐकायचे असेल तिथे मी स्वखर्चाने येईन. सोबत काचेची नळी आणीन, ती तपासणी कशी करतात ते दाखवीन, चारही सापांची चित्रे आणीन, आणि मानकऱ्यांचे जे प्रश्न असतील त्यांना, मग ते कितीही कडवट असोत, उत्तरे देईन. त्या मुलाच्या गावाने मला अद्याप बोलावलेले नाही. तिथे मात्र मी न बोलावताही जाणार आहे, आणि सभा देवळात भरत असेल तर देवीसमोरच बोलणार आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका